शनिवार-रविवार पोरीबरोबर घरी विज्ञान करायचंय. करणार ती, का पुन्हा मीच?

दिवाणजी (सांगली)

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी विज्ञानातला माणूस नव्हे. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. बी. कॉम. झालोय, दहावीला विज्ञानात काठावर सुटलो होतो. मुलगी चौथीत आहे, वय नऊ. घरात तिला ठमी म्हणतात, इथंही तेच म्हणू.

झालं असं की २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्यासाठी शाळेतून 'काहीतरी मॉडेल' आणायचं फर्मान निघालं. मी साडेसहाशे रुपये मोजून ज्वालामुखीचा तयार संच मागवला. प्लास्टिकचा डोंगर, दोन पुड्या आणि लाल रंगाची बाटली. रात्री साडेअकरापर्यंत मी डोंगर रंगवत बसलो, बायको तक्त्यावर अक्षर काढत बसली आणि जिच्यासाठी हे चाललेलं ती नऊलाच झोपली. सकाळी वर्गात ज्वालामुखी फुटला. फोटो निघाला, पालकांच्या ग्रुपवर आला, भरपूर अंगठे पडले. वर्गात एकूण अकरा ज्वालामुखी होते, त्यातले चार तर हुबेहूब आमचेच भाऊ.

संध्याकाळी विचारलं, काय गं, कसा फुटला? तर म्हणाली, "पुडी टाकली की फुटतो." आणि जेवताना घास तोंडात असतानाच, "पप्पा, खऱ्या ज्वालामुखीत पण सोडाच असतो का?" मी म्हणालो, जेव आधी.

ते 'जेव आधी' मला पंधरा दिवस झाले टोचतंय. कारण हे पहिल्यांदा नाही. आमच्या धंद्यात शर्टाच्या कॉलरपासून बनियनपर्यंत हळद मुरते. बायको शर्टाला साबण लावते आणि पिवळा डाग लालभडक होतो, तिची ही लग्नापासूनची तक्रार. ठमीनं तेव्हाही विचारलेलं, लाल का होतो? मी सांगितलं, हळद तशीच असते. वीस वर्षं हळदीच्या पोत्यांत काढलेल्या माणसाचं हे उत्तर.

तर आता मालकांकडून २१ आणि २२ मार्च असे दोन दिवस मागून घेतलेत. मार्च एंडला अडतीतल्या दिवाणजीनं सुट्टी मागायची म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्यालाच कळेल. या दोन दिवसांत घरीच काहीतरी करायचंय. संच आणायचा नाही. खर्च दोनशेच्या आत. दुसऱ्या मजल्यावर राहतो, गच्ची सामाईक आहे पण दुपारी तिथं कोणी फिरकत नाही. आमची आई स्वयंपाकघराच्या बाबतीत कडक आहे, तिच्या भांड्यांना हात लावलेला चालत नाही. हळदीला मात्र घरात तोटा नाही, तेवढं एक भांडवल.

काय करावं ते सांगाच, पण त्याहून महत्त्वाचं हे सांगा, की माझा हात मागं कसा ठेवायचा. मला ते जमत नाही. वही वाकडी धरली तरी मी सरळ करतो.

गल्ली क्रिकेट (सांगली)

दादा, राग मानू नका. पण पोराटोरांच्या प्रत्येक शनिवाराचा प्रोजेक्टच करायला पाहिजे का? आमच्या लहानपणी आम्ही कृष्णेच्या घाटावर चपट्या दगडाच्या भाकऱ्या खेळायचो. आयर्विन पुलाच्या खांबावर पाणी किती फूट चढलंय त्यावर पैजा लावायचो. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आम्हाला पाढ्यांआधी पाठ. कोणी संच दिला नव्हता.

दिवाणजी (सांगली)

राग कसला. पण भावा, खांबावरचे फूट वाचून पैज लावायची हाच तर प्रयोग झाला की. मला तसलंच काहीतरी पाहिजे.

निवृत्त बाई (मिरज)

दिवाणजी, बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं प्रयोगाची पेटी कपाटात कुलूपबंद होती. मोडली तर भरून कोण देणार, म्हणून. तेव्हा तुमचं दुःख मला नवं नाही.

तुमच्या मुलीनं प्रश्न आधीच विचारून ठेवलाय आणि तुम्ही इथं दुसरा शोधताय. शर्टापासूनच सुरुवात करा.

एक चमचा हळद घ्या. ती पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते. कोरोनातलं सॅनिटायझर कुठल्यातरी कपाटात पडलेलं असेलच, त्यात कालवा. पिवळाजर्द अर्क निघेल. गॅसजवळ मात्र नको, ते पेट घेतं. कोऱ्या जाड कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून त्यात बुडवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. सावलीत, हे विसरू नका. पट्ट्या झाल्या की घरभर हिंडून तिला वाटेल ते थेंब थेंब टाकून बघू दे. लिंबू, ताक, चिंचेचं पाणी, अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, शाम्पू, चुलीची राख पाण्यात कालवून, पानाचा चुना. चुना तेवढा तुम्ही लावा आणि डोळ्याजवळ जाऊ देऊ नका, बाकी सगळं तिच्या हातानं.

आता तुमच्या हाताबद्दल. प्रत्येक थेंबाआधी तिनं काय होईल ते लिहायचं, लाल का पिवळा. मग थेंब टाकायचा. तुम्ही फक्त वहीत रकाने आखून द्या, ते तुम्हाला येतंच. ती चुकली तर चुकू दे. अंगाला लावायचा साबण पट्टी लाल करतो आणि शाम्पू बहुतेक करत नाही, तिथं तिचा अंदाज नक्की चुकेल. दोन्हीचा फेसच होतो ना!

खायच्या सोड्यानं पट्टी जेमतेम तांबूस होईल. तुमच्या ज्वालामुखीतला उरला असेल तर हे जरूर करा. दोन चमचे सोडा जुन्या तव्यावर घ्या आणि मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं हलवत भाजा. हे काम तुमचं. त्यातून वाफ आणि कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) निघून जातो, मागं उरतो तो धुण्याचा सोडा. दिसायला पांढरी पूड तीच, पण आता त्याच्या पाण्याचा थेंब टाका, पट्टी चांगली गडद तांबडी होते. खाऊ नका, हातानं चोळू नका.

कारण तिनं विचारलं तरच सांगा. हळदीतल्या पिवळ्या रंगाला कुर्कुमिन म्हणतात. साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थात त्याची रचना थोडी बदलते आणि रंग लाल दिसतो. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. कुंकूसुद्धा आधी हळदीचंच करत, हळदीत लिंबाचा रस आणि टाकणखार घालून. आमच्या घरी आजी करायची, तिचे तळहात आठवडाभर शेंदरी असायचे.

आणि ज्वालामुखीचं. सोडा-लिंबाचा तोच खेळ पुन्हा करायचा असेल तर डोंगर नको, खोल पातेलं घ्या. तळाशी छोटी मेणबत्ती पेटवून ठेवा आणि बाजूनं पातेल्यात सोड्यावर लिंबाचा रस सोडा. ज्योत न फुंकता विझते, कारण कर्बवायू हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. मग तिला सांगलीशेजारच्या हरिपूरच्या पेवांबद्दल सांगा. जमिनीखाली हळद साठवायची ती पेवं उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. तुमच्या यार्डातल्या जुन्या हमालाला विचारा, तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

आईंचं पातेलं घेऊ नका म्हणजे झालं.

बागाईतदार (तासगाव)

बाईंनी राखेचं काढलं म्हणून लिहितो. आमचा बेदाणा चालू आहे सध्या, शेडवर माणसं आहेत, मोबाइलवर टाइप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तुम्ही त्याला लव म्हणत असाल. तो पाणी आत धरून ठेवतो. नुसता घड वाळत घातला तर महिना खाईल आणि मधेच नासेल. म्हणून आम्ही लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घालून घड बुडवतो, मग शेडमध्ये जाळीवर टाकतो. मेणाच्या थरातून पाण्याला वाट मिळते, पंधरा-एक दिवसांत बेदाणा तयार. चार किलोला एक किलो धरायचा.

आता गंमत. पोटॅशियम कार्बोनेट म्हणजे राखेतला खारच की. भूमध्य समुद्राकडचे लोक फार पूर्वी राखेचं पाणी आणि ऑलिव्ह तेल यातच द्राक्षं बुडवत. तुमच्या पोरीला तीन ताटल्या करायला सांगा, प्रत्येकीत २०० ग्रॅम सुटी द्राक्षं. एक नुसती धुतलेली. एक उकळत्या पाण्यात पटकन बुडवून काढलेली, ती तुम्ही काढा. एक राखेच्या गाळलेल्या पाण्यात गोडेतेलाचे थेंब घालून, चांगलं घुसळून, तीन मिनिटं बुडवलेली. वजनकाटा घ्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ वजन लिहा. ताटल्या सावलीत वाऱ्याला ठेवा. उन्हात बेदाणा काळा पडतो, सावलीत हिरवट राहतो, तेही बघायचं असेल तर चौथी ताटली करा.

एवढंच की हे दोन दिवसांत संपत नाही. आमचंही संपत नाही. आभाळ आलं की पोटात गोळा येतो.

मोजणीवाला (सातारा)

मी खासगी मोजणी करतो, गट नंबर, हद्दी, तंटे. त्यामुळं मला काठी आणि सावली सोडून दुसरं काही सुचत नाही. पण तुम्ही तारीख बरोबर धरलीय. २१-२२ मार्च म्हणजे दिवस-रात्र जवळपास सारखी, सूर्य विषुववृत्तावर. हे दोन दिवस वाया घालवू नका.

गच्चीवर बरोबर एक मीटरची सरळ काठी उभी करा. कुंडीत रोवा, ओळंबा लावून बघा. काठीच्या बुडापासून ५० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ खडूनं काढा. सकाळी सावली लांब असते, ती आखडत आखडत एका क्षणी वर्तुळाला टेकेल. वेळ लिहा, खूण करा. दुपारी लांबत जाताना पुन्हा टेकेल. पुन्हा वेळ, पुन्हा खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, होकायंत्राची गरज नाही. यज्ञाच्या वेदी आखणारे लोक शंकू रोवून हेच करत. आणि दोन्ही वेळांचा मध्य काढला की तुमच्या गच्चीवरची खरी मध्यान्ह.

ती किती वाजता येते हे मी सांगत नाही. मुलीला आधी अंदाज लिहू दे. तुम्हीही लिहा.

मध्यान्हीची सावली किती सेंटिमीटर आहे ते नक्की मोजा. सांगलीत ती तिशीच्या आसपास यावी, आमच्याकडं साताऱ्यात दोन-एक सेंटिमीटर जास्त. तुमच्यापासून उत्तरेला सरकलं की सावली वाढते, पृथ्वी गोल असल्याचा याहून स्वस्त पुरावा नाही. कडा धूसर दिसेल, चिडू नका. सूर्य म्हणजे टिकली नव्हे, अर्ध्या अंशाचं बिंब आहे, मीटरभर काठीला सेंटिमीटरभर धूसरपणा येणारच. धुरकट भागाचा मध्य धरा. मे महिन्याच्या ७-८ तारखेच्या सुमारास सांगलीत दुपारी सावली पायाखालीच जाते, साताऱ्यात त्यानंतर तीन-एक दिवसांनी. तेव्हा मला कळवा, दोघं मिळून मोजू.

बाकी तिचा खऱ्या ज्वालामुखीचा प्रश्न अजून कोणी घेतला नाही म्हणून सांगतो. सोडा नसतो. वितळलेला खडक असतो आणि त्यात कोंडलेले वायू, मुख्यतः पाण्याची वाफ आणि कर्बवायू. पण तिला डोंगराच्या टोकातून धूर वगैरे दाखवू नका. आपल्याकडं तसं झालंच नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा पातळ पिठासारखा पसरला, थरावर थर. अजिंक्यतारा, यवतेश्वर, आपल्याकडचा जवळपास सगळा सह्याद्री त्या थरांचाच. तुमच्या घाटाच्या पायऱ्यांचा काळा दगड म्हणजे लाव्हाच आहे. नीट बघितलं तर त्यात बुडबुड्यांची भोकं सापडतात.

दिवाणजी (सांगली)

सोमवारची रात्र, सव्वाअकरा. दुकानातून आत्ता आलोय, खाती जुळलेली नाहीत, पण कबूल केलं होतं म्हणून लिहितो.

शनिवारी सकाळी पट्ट्या. सॅनिटायझर सापडलं, हळद मी यार्डातून राजापुरी जातीचं हळकुंड आणून घरी कुटली, कारण पुडीवर माझा विश्वास नाही. हा धंद्यातला आजार समजा. कुटायला मात्र ठमी बसली. मी खुर्चीवर हात मांडीखाली घालून बसलो होतो, खरंच, बायकोनं फोटो काढलाय.

बाईंनी सावलीत वाळवा म्हणून बजावलं होतं. मी बजावायला विसरलो. ठमीनं पट्ट्या गच्चीवर दोरीला चिमट्यांनी अडकवल्या, टळटळीत उन्हात, आणि आम्ही नाष्टा, राख, द्राक्षं या भानगडीत अकरापर्यंत तिकडं फिरकलोच नाही. वर जाऊन बघतो तर पट्ट्या फिक्या पडलेल्या. माझ्या तोंडून निघालंच, "गेलं सगळं वाया." ती काही बोलली नाही. एक पट्टी काढली, डोळ्याजवळ नेली आणि म्हणाली, "पप्पा, चिमटा होता तिथं नाही गेला रंग."

आणि खरंच. प्रत्येक पट्टीच्या टोकाला चिमट्याच्या दाढेएवढा चौकोन पिवळाधमक, बाकी पट्टी जुन्या वर्तमानपत्रासारखी. उन्हानं रंग खाल्लेला. मग ठरलेला कार्यक्रम बाजूलाच राहिला. तिनं दोन नवीन पट्ट्या केल्या, त्यांच्यावर दहाचं नाणं, मेथीचं पान आणि तिच्या केसाची पिन ठेवली, वर काच ठेवली आणि तीन तास उन्हात. नाणं गोल उमटलं. मेथीचं पान तर देठासकट. पिन फारशी नाही आली. हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक, बायको शर्ट गच्चीवर उलटे वाळत घालते ते त्याचसाठी. पण डाग जातो म्हणजे फोटो काढता येतो, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

नव्यानं करून सावलीत वाळवलेल्या पट्ट्यांवर संध्याकाळी थेंबांचा खेळ झाला. वहीतून उतरवतो. लिंबू, अंदाज लाल, झालं काही नाही. साबण, अंदाज लाल, झालं लाल (हे तिला शर्टावरून ठाऊक होतं). शाम्पू, अंदाज लाल, झालं काही नाही, समोर तिनं लिहिलंय 'खोटा फेस'. राख, अंदाज काही नाही कारण 'राख मेलेली असते', झालं लाल. यावर ती बराच वेळ गप्प होती. आजीचा दंतमंजनाचा डबा, अंदाज पांढरा, झालं काही कळलं नाही कारण मंजनच काळं. सोडा भाजण्याचं काम आईच्या जुन्या तव्यावर केलं. तवा तिचा होता हे तिला आता इथून कळू नये.

भाजलेल्या सोड्याचा थेंब टाकल्यावर पट्टी एवढी लाल झाली की ठमीनं मला उलटा प्रश्न केला, "मग ज्वालामुखीच्या पुडीत कुठला सोडा होता, भाजलेला का कच्चा?" पुडीचं तिनं केराच्या टोपलीतून उकरून काढलेलं रिकामं पाकीट आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. आत उरलेल्या चिमूटभराची परीक्षा झाली. कच्चा.

रविवार सावलीचा. मोजणीवाले, तुम्ही मला पाडलंत. अंदाज लिहायचा होता. मी छाती काढून १२:०० लिहिलं, खाली सही केली, हिशेबनिसाची सवय. ठमीनं १२:३० लिहिलं. का, तर "शाळेत डबा साडेबाराला खातो तेव्हा खूप ऊन असतं." कुंडीत काठी रोवली, ओळंबा म्हणून दोऱ्याला कुलूप बांधलं. सावली वर्तुळाला ११:१४ ला टेकली. दुपारी मी खाली जरा आडवा झालो होतो, ती एकटी वर बसून राहिली, डोक्यावर माझा टॉवेल. २:०५ ला हाक आली. दोन्हीचा मध्य मी तोंडी काढला, १२:३९ आणि वर अर्धं मिनिट. पुन्हा काढला. मग कॅल्क्युलेटरवर काढला. ठमी जिंकली, कारण ती नऊ मिनिटांनी चुकली आणि मी एकोणचाळीस.

नंतर शोधून वाचलं तेव्हा कळलं. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, तिकडं उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळचं. सांगली तिथून आठेक अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं, म्हणजे बत्तीस. वरची सात मिनिटं पृथ्वीच्या चालीमुळं मार्चच्या या सुमारास जादा धरायची असतात. जमा-खर्च तंतोतंत जुळला. मार्च एंडला माझं एवढं एकच खातं जुळलंय. सगळ्यात आखूड सावली २९ सेंटिमीटर भरली.

द्राक्षं चालू आहेत. शनिवारी सकाळी तिन्ही ताटल्या २०० ग्रॅम. रविवारी रात्री नुसती धुतलेली १८९, राख-तेलाची १६१. उकळत्या पाण्याच्या ताटलीत निम्मी फुटली आणि त्यांना मुंग्या लागल्या, मुंग्यांसकट वजन घ्यायचं का यावर मायलेकींचा वाद झाला आणि ती ताटली बाद केली. बागाईतदार, आज सकाळी आभाळ आलं होतं थोडं. ठमी शाळेत निघताना वर बघत होती, मला तुमची आठवण झाली.

पातेल्यातली मेणबत्ती राहिली. पेवांबद्दल मात्र आज यार्डात जुन्या हमालांना विचारलं. एकजण म्हणाला, आधी दिवसभर तोंड उघडं ठेवायचे, मग कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाही. हे मी वीस वर्षं त्याच्याशेजारी बसून चहा पितो आणि आज ऐकलं.

शेवटचा एक प्रश्न उरलाय, तो आता तुमच्यावर. लाव्हाचं तिला सांगितलं तेव्हा तिनं आधी जिन्याच्या पायऱ्या बघितल्या, त्या निघाल्या शहाबादी फरशीच्या. मग स्वयंपाकघरात जाऊन आजीच्या पाट्यासमोर बसली. काळा दगड, भोकं भरपूर. "हे बुडबुडे ना?" मी म्हणणार होतो हो. तेवढ्यात आई म्हणाली, अगं, ती टाकी लावलेली आहे, पाथरवटानं, म्हणजे छिन्नीनं मारलेले टोचे. ठमीनं पाटा उलटा करायला लावला. खालच्या बाजूला टाकी लागत नाही, आणि तिथंही दोन-तीन भोकं आहेत, एकात काहीतरी पांढरं चमकतंय. आता तिला पाहिजे ते हे, की वरच्या बाजूची कुठली भोकं पाथरवटाची आणि कुठली लाव्हाची हे ओळखायचं कसं. मोजणीवाले, काही खूण असते का?